पारा, सोने आणि नदीचा मासा



रायगड जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सुनेला सातवा महिना लागला आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सांगितले की मोठे मासे खाऊ नका, त्यात पारा असतो. भगिनी लिहितात, "आमच्या सात पिढ्या मासे खात आल्या. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण देतो. पारा तापमापकात असतो, तो माशाच्या पोटात कसा जाईल? आणि गेला तरी धुऊन, शिजवून खातोच की आपण."

आधी थोडक्यात उत्तर देते, म्हणजे सून उपाशी राहायला नको. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे बरोबर आहे, पण मासे बंद करायचे कारण नाही. कोणते खावे, कोणते टाळावे ते पुढे लिहिले आहे. मात्र "पारा माशात कसा जाईल" हा प्रश्न एका ओळीत उडवण्यासारखा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०१५ सालचा हिशेब केला होता. त्या वर्षी माणसाच्या उद्योगांमुळे सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. कोळसा जाळण्याचा वाटा त्यात मोठा आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकावर. पहिला क्रमांक, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के, हातांनी किंवा लहान यंत्रांनी चालणाऱ्या छोट्या सोन्याच्या खाणींचा. आपल्या अंगावर जे सोने असते, त्याच सोन्याचा.

म्हणून आज आपण ब्राझील देशातल्या एका नदीकाठी जाऊ. सोने, पारा आणि मासा यांचे नाते तिथे जितके तपासले गेले आहे, तितके फार थोड्या ठिकाणी तपासले गेले असेल. नदीचे नाव तापाजोस. ती सांतारेम शहरापाशी अ‍ॅमेझॉनला मिळते. अ‍ॅमेझॉनचे पाणी गढूळ आणि तापाजोसचे निळसर हिरवे, स्वच्छ. संगमाच्या अलीकडे अल्तेर दो शांव नावाचे गाव आहे. तिथल्या पांढऱ्या वाळूवर दुरून लोक सहलीला येतात. २०२२ च्या जानेवारीत तिथले पाणी चहासारखे तपकिरी झाले. ब्राझीलच्या पोलिसांनी तपास केला तेव्हा वरच्या अंगाला चालणाऱ्या सोन्याच्या खाणींचा गाळ हे त्याचे कारण निघाले. गाळ डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची बातमी झाली. पारा दिसत नाही.

पाऱ्याबद्दल थोडे. उर्दूत त्याला सीमाब म्हणतात. एका जागी न ठरणाऱ्या मनाला शायर सीमाबची उपमा देतात. मराठीत रागावलेल्या माणसाचा पारा चढतो. दोन्ही भाषांनी त्याची चंचलता बरोबर टिपली आहे. पण त्याचा दुसरा गुण बोलीत आला नाही, तो सोनारांना मात्र ठाऊक होता. पारा सोन्याला मिठी मारतो. वाळूत सोन्याचे कण इतके बारीक असतात की हाताने वेचता येत नाहीत. त्या ओल्या वाळूत पारा ओतून कालवले की तो सोन्याच्या कणांना धरतो, वाळूला धरत नाही. मग ते मिश्रण फडक्यात घालून पिळतात. जास्तीचा पारा खाली गळतो आणि फडक्यात पांढुरकी गोळी उरते. तिच्यात निम्मे सोने, निम्मा पारा, असा ढोबळ हिशेब. ती गोळी आगीवर धरली की पारा वाफ होऊन उडून जातो आणि मागे पिवळे सोने उरते.

पद्धत सोपी आहे, स्वस्त आहे, एकट्या माणसाला जमते. म्हणून जगातल्या सत्तरहून अधिक देशांत एक ते दोन कोटी माणसे असे सोने काढतात, त्यांत चाळीस ते पन्नास लाख स्त्रिया आणि मुले आहेत. हे बहुतेक गरीब लोक आहेत, शेती पिकली नाही म्हणून किंवा दुसरे काम नाही म्हणून आलेले. त्यांना राक्षस ठरवणे सोपे आहे आणि मला ते पटत नाही. वाफ पहिल्यांदा त्यांच्याच छातीत जाते. हात थरथरतात, झोप उडते, मूत्रपिंडे बिघडतात. पण त्यांच्यामागे यंत्रे, बोटी, डिझेल आणि विमाने पुरवणारा जो सावकार असतो, तो त्या धुरात उभा राहत नाही.

आता इथून माशाची गोष्ट सुरू होते. वाफेतला पारा पावसाबरोबर खाली येतो. गळालेला पारा गाळाबरोबर नदीत जातो. तळाच्या चिखलात, जिथे हवा पोहोचत नाही, तिथे राहणारे काही जिवाणू त्या पाऱ्याचे एका वेगळ्या संयुगात रूपांतर करतात. त्याचे नाव मिथाइल पारा. तापमापकातला पारा चुकून गिळला गेला तर तो बहुतेक तसाच शरीराबाहेर जातो, त्याची वाफच जास्त वाईट. मिथाइल पाऱ्याचे उलटे आहे. जेवणातून आलेला मिथाइल पारा आतड्यातून जवळजवळ पूर्ण रक्तात उतरतो, शंभरातला पंचाण्णव भाग.

चिखलातून तो सूक्ष्म जीवांत जातो, त्यांना खाणाऱ्या किड्यांत, किड्यांना खाणाऱ्या लहान माशांत, लहान माशांना खाणाऱ्या मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीवर तो साठत जातो, कारण येतो लवकर आणि बाहेर पडतो फार सावकाश. वर्गात मी हे मुलांना व्याजाच्या गणितासारखे सांगते. शेवटी पाण्यात ज्याचा मागमूसही नसावा इतका थोडा पारा, तो शिकारी माशाच्या मांसात पाण्याच्या लाखो पट होऊन बसतो. तापाजोसमध्ये असे शिकारी मासे म्हणजे तुकुनारे, त्राइरा. दोन्ही चवीला उत्तम, काठावरच्या लोकांच्या आवडीचे.

भगिनींनी विचारले आहे की धुऊन शिजवून खाल्ले तर? मिथाइल पारा माशाच्या चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना चिकटून असतो. म्हणून तो धुऊन जात नाही, तळून जात नाही, डोके आणि आतडी काढून टाकली तरी जात नाही. चिंच, कोकम, हळद कशानेही नाही. मासा ताजा असेल, लालबुंद कल्ल्यांचा असेल, तरी त्याच्यात पारा असू शकतो. वास नाही, चव नाही.

धुण्यावरून इराकची हकीकत सांगावीशी वाटते. १९७१ साली तिथे दुष्काळानंतर परदेशातून गव्हाचे बियाणे आले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल पारा चोळलेला होता, आणि खाण्याचे नव्हे हे कळावे म्हणून गुलाबी रंगही दिला होता. पोत्यांवर सूचना होत्या, पण स्पॅनिश आणि इंग्रजीत. बियाणे पोहोचले तेव्हा अनेक ठिकाणी पेरणी उरकलेली होती. घरात धान्य नव्हते. बायकांनी गहू धुतला, रंग गेला, तेव्हा विषही गेले असे वाटले आणि भाकरी भाजल्या. लगेच काहीच झाले नाही. काही आठवड्यांनी हातपाय बधिर होऊ लागले, नजर जाऊ लागली. ६,५३० माणसे इस्पितळात दाखल झाली, त्यांतली ४५९ तिथेच दगावली. भाषा शिकवणारी बाई म्हणून मला ती पोत्यावरची अक्षरे विसरता येत नाहीत. मिथाइल पारा माणसाला, विशेषतः पोटातल्या बाळाला, काय करतो याची पुष्कळशी माहिती डॉक्टरांना त्या दुर्दैवी घरांतून मिळाली.

त्याआधीची माहिती जपानच्या मिनामाता गावातून मिळाली होती. तिथे सोन्याची खाण नव्हती, एका रासायनिक कारखान्याचे सांडपाणी उपसागरात सोडले जात होते. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली आणि कारखान्याने पारा सोडणे थांबवले ते १९६८ साली. मधली बारा वर्षे कोळी कुटुंबे तेच मासे खात राहिली. आधी मांजरे वेडीवाकडी नाचून मरू लागली, मग माणसे. त्यात एक गोष्ट डॉक्टरांनाही उमजत नव्हती. ज्या बायकांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांची बाळे जन्मतःच पांगळी निघत होती. तेव्हा समज असा होता की वार विषाला अडवते, आईचे शरीर बाळाला वाचवते. डॉ. मासाझुमी हारादा यांनी हा समज खोडून काढला. जपानमध्ये बाळाची वाळलेली नाळ लहानशा डबीत जपून ठेवण्याची चाल आहे. मिनामाताच्या आयांनी जपलेल्या त्या नाळा तपासल्या गेल्या आणि त्यांत मिथाइल पारा सापडला. आज हे पक्के ठाऊक आहे की वार त्याला अडवत नाही, उलट बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षा दीडपटीहून जास्त चढतो. ज्या वेळी मेंदूच्या पेशी जागेवर जाऊन बसत असतात, नेमक्या त्या वेळी.

हेच हारादा पुढे १९९० च्या दशकात तापाजोसच्या काठी आले आणि तिथल्या कोळ्यांचे केस, बोटे, डोळे तपासून गेले.

केस का, असे विचाराल. मिथाइल पारा रक्तातून केसात उतरतो आणि तिथे अडकून राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वेणीच्या बारा सेंटिमीटरमध्ये वर्षभराची नोंदवही असते. टोकाकडचा भाग जुना, मुळाकडचा ताजा. सुई नको, रक्त नको, एक बारीक बट पुरते.

ब्राझीलच्या ओस्वाल्डो क्रूझ या सरकारी संशोधन संस्थेने २०१९ साली डॉ. पाउलो बास्ता यांच्या नेतृत्वाखाली मुंडुरुकू या आदिवासी जमातीच्या तीन गावांत अशीच तपासणी केली. मुंडुरुकू लोक तापाजोसच्या काठी शतकानुशतके राहतात. २०० माणसांचे केस तपासले, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. पारा सर्वांत निघाला. दर ग्रॅम केसात ६ मायक्रोग्रॅम ही त्यांनी धरलेली मर्यादा होती. दहापैकी जवळजवळ सहा माणसे तिच्या वर होती. सावरे अबोय नावाच्या गावात, जे खाणींच्या अधिक जवळ आहे, तिथे दहापैकी जवळजवळ नऊ. संशोधकांनी ८८ मासेही तपासले. एकही मासा पाऱ्याविना निघाला नाही.

पुढे २०२२ साली त्याच संस्थेने व्हेनेझुएलाच्या सीमेजवळच्या यानोमामी जमातीच्या नऊ वस्त्यांतही बटा गोळा केल्या, तिथेही पाऱ्याविना कोणी सापडले नाही. पेरू देशात मादरे दे दियोस नावाचा प्रांत आहे, तिथे तर २०१६ साली सरकारने पाऱ्यामुळे साठ दिवसांची आणीबाणी जाहीर केली होती. मी तिथे थांबत नाही, गोष्ट तीच आहे.

आकड्यांचा अर्थ कळावा म्हणून सातवीतले गणित करू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी मिथाइल पाऱ्याची मर्यादा ठरवली आहे ती दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. पन्नास किलो वजनाच्या बाईला आठवड्याचे ८० झाले. माशात दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पारा चालतो, असे अनेक देशांचे नियम आहेत. म्हणजे एका ग्रॅममध्ये अर्धा मायक्रोग्रॅम. तर ८० मायक्रोग्रॅम व्हायला १६० ग्रॅम मासा पुरतो. आपल्याकडे एखादी बाई आठवड्यातून एकदा तितका खाईल. नदीकाठची मुंडुरुकू बाई तेवढा मासा रोज खाते, कधी दोन्ही वेळा, कारण तिथे दुसरे कालवणच नाही. मासा नियमात बसणारा असूनही त्या बाईचे ताट नियमात बसत नाही. बाजारासाठी केलेला नियम नदीवर जगणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो तो असा.

मिनामातासारखे पांगळेपण तापाजोसवर घरोघर दिसत नाही, आणि हेच दुखणे ओळखण्यातली अडचण आहे. तिथे सापडते ते बारीक आहे. कॅनडाच्या डॉना मर्गलर आणि त्यांच्या ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांनी काठावरच्या प्रौढांच्या चाचण्या घेतल्या. केसात पारा जास्त तितकी बोटांची सफाई कमी, नजरेच्या कडा आत आलेल्या, करड्यावरचे फिके ओळखणे अवघड. ज्याला जाळे विणायचे आहे, संध्याकाळच्या पाण्यात मासा हेरायचा आहे, त्याचे यात पुष्कळ काही जाते. पण दवाखान्यात येऊन तो काय सांगणार? तोंडाभोवती मुंग्या येतात, बोटे बधिर वाटतात, डोके दुखते, लक्षात राहत नाही. हिवतापानेही हे होते, उपासमारीने होते, वयानेही होते. तपासणीची सोय शेकडो किलोमीटर दूर.

आणि मुले. पोटात असताना थोडा थोडा पारा मिळालेले मूल दिसायला धडधाकट असते. अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवर १९८६-८७ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवले. तिथल्या आया देवमाशाचे मांस खात. मुले सात वर्षांची झाली तेव्हा भाषा, लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत फरक दिसला, ज्यांच्या नाळेच्या रक्तात पारा जास्त होता ती मुले थोडी मागे. थोडीच. एकेका मुलाकडे पाहून ते कळत नाही. वर्गात असे मूल शब्द शोधत राहते, सांगितलेले तीन पैकी एक विसरते, आणि आम्ही शिक्षक त्याच्या प्रगतिपुस्तकात "अभ्यासात लक्ष नाही" असे लिहितो. तापाजोसच्या शाळांतल्या गुरुजींनाही असेच लिहावे लागत असेल. त्या मुलाने सोन्याचा कणही पाहिलेला नसतो.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरही अशीच पाहणी झाली. तिथे आया समुद्राचे मासे भरपूर खातात, आणि मुलांत तसा स्पष्ट तोटा दिसला नाही. माशात बाळाच्या मेंदूला लागणारी चांगली चरबीही असते, ती काही प्रमाणात भरपाई करते असे मानतात. म्हणूनच "मासे सोडा" हा सल्ला मला अर्धवट वाटतो, आणि नदीकाठच्या आदिवासीला देताना तर निर्दय. मासे सोडून ती बाई काय खाणार? बोटीने येणारे डबाबंद मांस आणि साखर? त्याला पैसे लागतात, आणि पैसे तिथे मिळतात ते खाणीवर.

यातून वाट काढली ती तापाजोसच्या काठावरच्याच एका गावाने. गावाचे नाव ब्रासिलिया लेगाल. मर्गलर यांच्या गटाने १९९५ च्या सुमारास तिथल्या लोकांना भीती घातली नाही. त्यांनी मासे पकडणारे, रांधणारे, शाळेतले, सगळ्यांना बरोबर घेऊन कोणत्या माशात किती पारा ते मोजले आणि रंगीत तक्ते लावले. निष्कर्ष एका वाक्यात मावला: जो मासा दुसऱ्या माशाला खात नाही, तो जास्त खा. तिथे पाकू, तांबाकी असे मासे आहेत जे पुराच्या पाण्यात रानात शिरतात आणि झाडावरून पडलेली फळे खातात. त्यांच्यात पारा कमी. लोकांनी मासे खाणे कमी केले नाही, मासा बदलला. पाच वर्षांनी केस तपासले तर पारा जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरला होता.

त्याच गावातल्या २६ बायकांनी वर्षभर रोज काय खाल्ले ते वहीत लिहून ठेवले. त्या वह्या आणि त्यांच्या केसांची लांबी एकमेकींशी ताडून पाहिली. ज्या बायका फळे जास्त खात, त्यांच्या केसात तेवढेच मासे खाऊनही पारा कमी निघाला. फळ म्हणजे औषध असे यातून म्हणता येत नाही, पण संशोधकांना ही दिशा बायकांच्या वह्यांनी दाखवली. मला या साऱ्या गोष्टीत त्या वह्या सर्वांत आवडल्या.

याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली, जी खाणीवर सगळे खापर फोडणाऱ्यांना अवघड जाते. अ‍ॅमेझॉनच्या मातीत मुळातच नैसर्गिक पारा आहे. रान तोडले, जाळले की पावसाने ती माती वाहून नदीत जाते आणि तिच्याबरोबर पाराही. सोन्यासाठी नदीचा काठ खणतात तेव्हा दोन्ही होते, ओतलेला पारा जातो आणि मातीतलाही सुटतो. त्यामुळे उद्या खाणीत पाऱ्याऐवजी दुसरे काही वापरले तरी काठ खणणे चालू राहिले तर नदी पूर्ण सुटणार नाही.

आता रायगडच्या भगिनींकडे वळते. आपल्या समुद्रात तापाजोससारखी परिस्थिती नाही, पण माशाच्या पोटातली साखळी तीच आहे. जो मासा मोठा, दीर्घायुषी आणि दुसऱ्यांना खाणारा, त्याच्यात पारा जास्त. मोरी म्हणजे शार्क, ती या साखळीच्या टोकाला बसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जे मासे टाळावेत म्हणून सांगितले आहे, त्यात शार्क आहे. म्हणून सुनेला मोरी नको, बाळंतपणात नको आणि त्यानंतर पाजत असतानाही नको. मोठ्या सुरमईचे तुकडेही या दिवसांत क्वचितच. बोंबील, मांदेली, तारली, बांगडा, कोळंबी हे लहान आहेत, लवकर वाढतात, लवकर पकडले जातात. ते आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खाऊ द्या. तारली आणि बांगड्यात तर बाळाच्या मेंदूला हवी ती चरबी भरपूर. दूध यायला मोरीच हवी असे नाही. बाईने पोटभर जेवावे, पाणी प्यावे आणि बाळाला वरचेवर पाजावे. सासूबाईंनी मोरी आणली तर प्रेमाने त्यांच्याच ताटात वाढावी. पत्र सासूबाईंचेच आहे, तेव्हा रागावणार नाहीत.

शरीरात गेलेला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण पन्नास दिवस लागतात. म्हणजे ज्या मुलीचे नुकतेच लग्न झाले आहे तिने आतापासून मासा निवडून खाल्ला, तर सहा महिन्यांत तिचे रक्त पुष्कळ स्वच्छ होते. डॉक्टरकडे गेल्यावर सातव्या महिन्यात कळण्यापेक्षा हे आधी कळलेले बरे.

राहिले सोने. निकाह ठरतो, महर ठरतो, मुलीकडच्यांची धावपळ सुरू होते, सोनाराच्या पेढीवर बसून आपण दागिना हातात तोलतो. भारतात दरवर्षी सातशे-आठशे टन सोने खपते आणि ते जवळजवळ सगळे बाहेरून येते, पेरूमधूनही येते. वितळून एक झालेल्या सोन्यात कोणता कण कोणत्या नदीचा, हे कोणी सांगू शकत नाही. दागिन्यावर हॉलमार्क असतो, ९१६ लिहिलेले असते. तो आकडा शुद्धता सांगतो, गाव सांगत नाही.

हे केवळ आपल्याकडचे नाही. खुद्द ब्राझीलमध्ये २०१३ च्या एका कायद्याने सोने विकणाऱ्याने "हे अमुक खाणीतले आहे" असे कागदावर लिहून दिले की खरेदीदाराने ते खरे धरायचे, असे होते. त्या कागदाच्या आडोशाने आदिवासींच्या जमिनीतले चोरटे सोने कायदेशीर झाले. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद स्थगित केली. पाऱ्याविषयीचा जागतिक करार तर त्याआधीच, २०१३ साली जपानमध्ये झाला. त्याचे नाव मिनामाता करार. भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. उघड्यावर आणि वस्तीत पाऱ्याच्या गोळ्या जाळणे बंद करायचे, असे त्यात आहे. झाकणाच्या भांड्यात गोळी तापवून वाफ परत पकडली तर बहुतेक पारा वाचतो, हेही साऱ्यांना ठाऊक आहे. भांडे महाग नाही. पण चोरून चालणाऱ्या खाणीत कोण ते तपासणार?

आपल्या हातात थोडेच आहे, पण काहीच नाही असे मला वाटत नाही. घरातले जुने सोने आटवून नवा दागिना घडवला तर घट आणि मजुरी जाते, नवी नदी खणावी लागत नाही. आजीच्या पाटल्या मोडायला जीव होत नसेल तर तशाच नातीला घालाव्यात. आणि पेढीवर एकदा विचारून पाहावे, "हे कुठून येते?" दुकानदाराला उत्तर येणार नाही, पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर तो वरच्याला विचारेल.

मुंडुरुकूंची एक मुलगी, आलेसांद्रा कोराप, गावोगाव फिरून लोकांना एकत्र करत राहिली. एका मोठ्या खाण कंपनीने त्यांच्या आणि इतर आदिवासींच्या जमिनीतले २७ शोधपरवाने २०२१ साली मागे घेतले, ते तिच्या आणि तिच्या लोकांच्या चिकाटीमुळे. २०२३ साली तिला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०२४ च्या नोव्हेंबरपासून सरकारने मुंडुरुकूंच्या जमिनीतून चोरट्या खाणवाल्यांना हुसकण्याची मोहीमही काढली. तळाच्या चिखलात बसलेला पारा मात्र मोहिमेने निघत नाही, तो पुढची कित्येक वर्षे माशांत चढत राहील. डॉ. बास्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आता त्या गावांतल्या गरोदर बायकांच्या आणि त्यांच्या नवजात बाळांच्या तपासण्या सुरू केल्या आहेत. आईच्या केसांची एक बट, बाळाच्या केसांची एक बट.